माचू पिच्चूला चालत जायचंय? सह्याद्रीत फिरलेल्यांसाठी इंका ट्रेलची तयारी

"राजगड-तोरणा एका दमात केलाय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, मग इंका ट्रेलचं काय एवढं?" जाण्याआधी मीही असंच म्हणत होते. पेरूतल्या जुन्या इंका साम्राज्याचं डोंगरातलं नगर म्हणजे माचू पिच्चू; तिथपर्यंत चार दिवसांत साधारण ४२ किलोमीटर, रोज गरम जेवण, तंबू दुसरं कोणीतरी लावणार. कागदावर तर हे आपल्या रेंज ट्रेकपेक्षा सोपंच दिसतं.

पेरूहून परतल्यावर सांगते, सह्याद्री तिथे अर्धाच उपयोगी पडतो. पावसात निसरड्या दगडावर पाय कसा टाकायचा, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात कसं चालायचं, उघड्यावर कसं निभवायचं, हे आपल्याला येतं. विरळ हवा, सहा-सात महिने आधीची कागदपत्रं आणि दगडी पायऱ्यांचे न संपणारे उतार या तीन गोष्टी मात्र आपल्याकडे शिकायला मिळत नाहीत, आणि आपली माणसं यांतच अडकतात. म्हणून या तिन्हींवर इथे जास्त लिहिलंय.

१. आधी वाट ठरवा

माचू पिच्चूला चालत जायच्या वाटा अनेक आहेत आणि त्या सगळ्यांना "इंका ट्रेल" म्हणून विकणारे लोकही आहेत. नीट विचारा.

अस्सल इंका ट्रेल म्हणजे चार दिवस आणि तीन मुक्कामांची वाट. ती पिस्काकुचोपासून, म्हणजे रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपासून सुरू होते आणि इंती पुंकूतून, म्हणजे सूर्यदरवाजातून, थेट माचू पिच्चूत उतरते. वाटेत इंकांनीच घातलेली फरसबंदी आणि पाच-सहा ठिकाणी अवशेष. वेळ किंवा गुडघे कमी असतील तर १०४व्या किलोमीटरवरून दोन दिवसांची छोटी वाट आहे. तिलाही परवाना लागतो, पण सर्वांत उंच खिंड टळते आणि शेवटचा सुंदर भाग मिळतो. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हिचा विचार जरूर करावा.

परवाने संपले असतील तर साल्कांताय आहे. साधारण पाच दिवस, ४,६०० मीटरच्या वरची खिंड, हिमशिखराच्या अगदी पायथ्याशी. निसर्ग जास्त भव्य, अवशेष फारच कमी. तिला इंका ट्रेलसारखी रोजची मर्यादा नाही. ज्याला गर्दीचा तिटकारा आहे त्याने चोकेकिराओ हे इंकांचंच दुसरं ठिकाण बघावं. तिथे दरीत पूर्ण उतरून पुन्हा पूर्ण चढावं लागतं, त्यामुळे माणसं कमी. पण हा लेख चार दिवसांच्या वाटेबद्दल आहे.

२. महिना ठरवा आणि परवाना धरा

या वाटेवर स्वतःच्या जिवावर जाता येत नाही. परवानाधारक कंपनी आणि गाईड सक्तीचे. दिवसाला एकूण ५०० जणांनाच सोडतात आणि त्यात पोर्टर, स्वयंपाकी, गाईड सगळे आले. आपल्यासारख्यांच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. पुढच्या वर्षाचे परवाने बहुधा आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास खुले होतात आणि मे ते ऑगस्टच्या तारखा पटापट जातात.

पेरू विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा मोसम. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीला हा बरोबर जुळतो. एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये डोंगर अजून हिरवे असतात आणि थंडीही सोसण्यासारखी. जून-जुलैत आकाश स्वच्छ, पण रात्री पारा शून्याच्या आसपास किंवा खाली. २४ जूनला कुस्कोत, म्हणजे ट्रेकसाठी आपण ज्या शहरात उतरतो तिथे, इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो, त्या आठवड्यात हॉटेलं महागतात. फेब्रुवारीत ट्रेल दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असतो. माचू पिच्चू तेव्हा उघडं असतं, त्यामुळे "फेब्रुवारीत चालू आहे" असं कुणी सांगितलं तर कशाबद्दल बोलतोय ते विचारा.

आता सापळे. परवाना पासपोर्टच्या नंबरावर निघतो. एकदा निघाला की नाव बदलत नाही, तारीख बदलत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. आजारी पडलात तर पैसे गेले.

आपल्या नावांची वेगळीच गंमत. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात मधे असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. काहींच्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. बुकिंगच्या फॉर्मात घरी वापरतो तसं सुटसुटीत नाव लिहू नका. पासपोर्टाच्या फोटोपानाकडे बघून अक्षर न् अक्षर उतरवा, आणि कंपनीकडून परवान्याची प्रत आल्यावर नंबर स्वतः ताडून पाहा.

मी नेमकी इथेच फसले. परवाना काढला आणि तीन महिन्यांनी पासपोर्टाचं नूतनीकरण करून घेतलं, कारण मुदत सहा महिन्यांच्या आत येत होती. नवा नंबर, जुना परवाना. कंपनीला कळवलं, तर त्यांनी जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर आणायला सांगितले. ८२व्या किलोमीटरच्या चौकीवर दोन्ही दाखवून सुटले, पण आदल्या रात्री झोप लागली नाही. तुम्ही क्रम उलटा ठेवा: आधी पासपोर्ट नवा करा, मग परवाना.

३. कंपनी निवडताना हे प्रश्न विचारा

दर साधारण ७०० ते १,००० अमेरिकन डॉलरच्या घरात असतात. परवाना, माचू पिच्चूचं तिकीट, तंबू, जेवण, गाईड, परतीची रेल्वे हे सगळं बहुतेकदा त्यात धरलेलं असतं. खूपच स्वस्त सांगणारा कुठेतरी कापतोच, आणि बहुधा पोर्टरच्या मजुरीत.

पोर्टर हे या वाटेचं खरं बळ. बहुतेक जण आसपासच्या डोंगरी गावांतले शेतकरी, घरची भाषा केचुआ. तंबू, गॅस सिलिंडर, टेबल-खुर्च्या, तुमचा डफल (म्हणजे सामानाची मोठी पिशवी), सगळं पाठीवर घेऊन ते तुमच्या आधी मुक्कामाला पोचतात आणि तुम्ही धापा टाकत येता तेव्हा सूप तयार असतं. पूर्वी त्यांच्या ओझ्याला धरबंध नव्हता. आता कायद्याने पुरुषाला २० आणि बाईला १५ किलोची मर्यादा आहे आणि सुरुवातीच्या चौकीवर काट्यावर वजन होतं. तरी मजुरी, कपडे, झोपायची सोय यांत कंपनी-कंपनीत जमीन-अस्मानाचा फरक. आम्हाला वाटेत एका गटाचे पोर्टर साध्या चपलांवर उतरताना दिसले, आमच्या गटाला मात्र बूट होते. म्हणून पत्रातच विचारा:

- पोर्टरना रोजची मजुरी किती? त्यांचा विमा आहे का?
- ते रात्री कुठे झोपतात? वेगळा तंबू आणि स्लीपिंग बॅग आहे की जेवणाच्या तंबूत जमिनीवर?
- माझं सामान किती किलोपर्यंत नेणार? (बहुधा ७ किलो, आणि त्यात स्लीपिंग बॅग आणि मॅट धरलेली असते. हे आधी कळलं नाही तर कपड्यांना तीन किलोच उरतात.)
- गटात जास्तीत जास्त किती जण, आणि किती जणांमागे एक गाईड?
- ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर असतो का?
- परवान्याबरोबर माचू पिच्चूचं कोणतं सर्किट मिळतं? (जून २०२४ पासून आत फिरायचे तीन मार्ग, म्हणजे सर्किट, ठरवले आहेत. आत गेल्यावर मनाला येईल तिकडे फिरता येत नाही.)

पोर्टरच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं की मी ती कंपनी सोडली. ट्रेकभर याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

शाकाहारी असाल तर तेही याच पत्रात लिहा, आणि नुसतं "व्हेज" लिहून थांबू नका. मांस नाही म्हटल्यावर कोंबडी किंवा मासा चालतो असा समज तिथे बऱ्याचदा असतो, शिवाय सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. "सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो", म्हणजे कोंबडी नको, मासे नकोत, कोंबडीचं सूपही नको, एवढं पाठ करून जा. बाकी शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. किनोआचं सूप, मका, भात, अंडी आणि बटाटे, बटाटे, बटाटे. बटाट्याचं मूळ घर अँडीजच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. कुस्कोच्या बाजारात किविचाच्या वड्या मिळतात त्या घ्या. किविचा म्हणजे आपल्या राजगिऱ्याचं भावंड. पहिला घास घेतल्यावर थेट एकादशीची आठवण झाली.

४. व्हिसा, विमान आणि पिवळ्या तापाची लस

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. अपवाद असा, की अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. "सहा महिने" हे शब्द दोनदा वाचा. युरोपच्या सहलीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा महिन्या-दोन महिन्यांचा असतो, तो इथे चालत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सवलत सहज मिळते. बाकीच्यांनी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे वेळेत अर्ज करावा आणि तिकिटाआधी नियम पुन्हा तपासावा.

भारतातून लिमाला थेट विमान नाही. माद्रिद, पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. युरोपातही काही देश भारतीयांकडून विमानतळावरचा ट्रान्झिट व्हिसा मागतात. स्वस्त तिकिटामागे हा खर्च लपलेला असतो.

आता लस. कुस्को, ट्रेल, माचू पिच्चू एवढंच करणाऱ्याला पिवळ्या तापाचा धोका फारसा नाही, त्यामुळे "लस नको" असं इंग्रजी मार्गदर्शकांत वाचून आपण निवांत होतो. ते युरोप-अमेरिकेच्या माणसांसाठी लिहिलेलं असतं. भारतात परतताना नियम वेगळा. पेरू हा भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीतला देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावरच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, तिथे ठरावीक वारीच मिळते आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर पुरते. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

बरोबर ठेवायची कागदपत्रं:

- मूळ पासपोर्ट (फोटोकॉपी चौकीवर चालत नाही) आणि परवाना जुन्या नंबरावर असेल तर जुना पासपोर्टही
- पेरूचा व्हिसा, किंवा ज्याच्या आधारावर सवलत घेताय तो व्हिसा
- पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड
- परवान्याची आणि माचू पिच्चूच्या तिकिटाची छापील प्रत
- परतीच्या रेल्वेचं तिकीट
- विम्याची पॉलिसी आणि त्यांचा आपत्कालीन फोन नंबर
- चालू औषधांची चिठ्ठी

५. विमा आणि पैसे

विम्याच्या पॉलिसीत उंचीची अट शोधा. साध्या प्रवासविम्यात ठरावीक उंचीपुढचा ट्रेक वगळलेला असू शकतो. तुम्हाला निदान ४,२१५ मीटर (वाटेवरची सर्वांत उंच खिंड) झाकणारा हवा, हेलिकॉप्टर किंवा स्ट्रेचरच्या खर्चासकट.

डॉलर न्यायचे तर कोऱ्या करकरीत नोटा न्या. कोपरा किंचित फाटलेली नोट पेरूत कोणी घेत नाही. ट्रेलवर सुटे सोल (पेरूचं चलन) लागतात: पहिल्या दिवशी वाटेतल्या घरांतून पाणी विकत घ्यायला, स्वच्छतागृहांना आणि शेवटच्या रात्री पोर्टर-स्वयंपाक्यांच्या बक्षिसाला. ती रक्कम वेगळ्या पाकिटात आधीच काढून ठेवा.

६. पाय तयार करा, खास करून उतरायला

तीन महिने पुरतात. आठवड्याचे चार दिवस चालणं किंवा जिने, आणि शनिवार-रविवारी डोंगर. पुण्याचे असाल तर आतकरवाडीतून सिंहगड पुरे, मुंबईचे असाल तर माथेरानच्या वाटा आहेतच. मात्र चढण्याची वेळ घड्याळात मोजत बसू नका. आम्ही सिंहगड पाऊण तासात करायचो आणि त्याचा मोठा अभिमान होता. ट्रेलवर हीच सवय नडली, कारण तिथे वेगाने चढणारा दुपारी डोकं धरून बसतो.

उतरण्याचा सराव करा. सिंहगडावरून खाली येताना गाडी धरू नका, पायी उतरा. जमलं तर दिवसात दोनदा. मांडीचे पुढचे स्नायू उतारावर दमतात आणि ते दमले की सगळा भार गुडघ्यावर येतो. ट्रेलच्या तिसऱ्या दिवशी सुमारे हजार मीटर उतार आहे आणि त्यातला बराचसा दगडी पायऱ्यांचा. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. काठ्या दोन घ्या, एक नको. काठीच्या टोकाला रबरी टोपी सक्तीची, नाहीतर दगडी फरसबंदी उखडते म्हणून चौकीवर अडवतात.

७. सॅक भरताना

पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये: दोन लिटर पाणी मावेल अशी बाटली किंवा ब्लॅडर (एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे), पोंचो, लोकरीची टोपी आणि उन्हाची टोपी दोन्ही, गॉगल, सनस्क्रीन, पासपोर्ट, टॉयलेट पेपर, औषधं, चिक्की. एवढ्या उंचीवर ऊन फसवं असतं. हवा गार लागते आणि संध्याकाळी नाकाची साल निघते.

डफलमध्ये: उबदार जॅकेट, थर्मलचा एक जोड (फक्त झोपायला, तो ओला होऊ देऊ नका), सुके मोजे भरपूर, मुक्कामावर घालायला हलक्या चपला, हेडटॉर्च, पॉवर बँक. वाटेत चार्जिंग नाही आणि नेटवर्क जवळपास नाहीच. थंडीने बॅटरी उतरते, म्हणून रात्री फोन स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. बूट नवे घेतले असतील तर निदान दोन-तीन पूर्ण दिवसांचे ट्रेक त्यात केलेले हवेत.

माचू पिच्चूच्या आसपास चिलटांसारखी बारीक माशी चावते. तिचा चावा आठवडाभर खाजतो, म्हणून पूर्ण पँट आणि डासांचं मलम.

घरून मेतकूट, लसणीची कोरडी चटणी, चिक्की अशी बंद पाकिटं नेली होती. ताजी फळं, बिया, कच्चं धान्य नेऊ नका, विमानतळावर अडवतात. चटणीची पुडी दुसऱ्या रात्री उघडली आणि जेवणाच्या तंबूतल्या दोन जर्मन मुलांनी ती निम्मी संपवली.

८. कुस्कोत पोचा आणि काहीही करू नका

लिमा समुद्रकाठी आणि कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. विमान सव्वा-दीड तासात तिथे नेऊन सोडतं. शरीराला एवढ्या घाईत जुळवून घेता येत नाही. पहिल्या दिवशी हॉटेलचा जिना चढतानाही धाप लागते, डोकं ठणकतं, भूक जाते. यात फिटनेसचा काही संबंध नाही. आमच्या गटातला सर्वांत तरणाबांड मुलगा दोन दिवस आडवा होता.

ट्रेकच्या आधी तीन रात्री तरी द्या. माझा सल्ला असा, की कुस्कोला उतरल्या-उतरल्या गाडीने खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा. ओयांतायतांबो साधारण २,८०० मीटरवर आहे, तिथे पहिल्या दोन रात्री शांत झोप लागते. मग कुस्कोला या. भरपूर पाणी, हलकं जेवण, दारू नाही. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, घ्यायचं की नाही ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगा. त्याने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी जास्त होते, घाबरू नका.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. पेरूत तो कायदेशीर आहे, लोक पानं चघळतातही. बरं वाटतं. पण नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर त्यापासून लांब राहा.

बसल्या जागी धाप, सतत खोकला, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर "सकाळी बघू" म्हणू नका. गाईडला उठवा आणि खाली उतरा.

९. वाटेवरचे चार दिवस

पहिला दिवस फसवा. पिस्काकुचोहून उरुबांबा नदीवरचा पूल ओलांडून वाट निघते. गाईड म्हणतो, "आज सगळं इंका फ्लॅट." हा तिथला विनोद आहे: थोडं चढ, थोडं उतार म्हणजे इंकांच्या दृष्टीने सपाट. खाली पातायाक्ता या इंकांच्या जुन्या वस्तीचे अर्धवर्तुळाकार शेतीचे टप्पे दिसतात. मुक्काम वाय्याबांबाजवळ, सुमारे ३,००० मीटरवर. लवकर झोपा.

दुसरा दिवस वार्मिवान्युस्काचा. केचुआत अर्थ "मेलेली बाई", खिंडीचा आकार लांबून आडव्या पडलेल्या बाईसारखा दिसतो म्हणून. उंची ४,२१५ मीटर. मुक्कामापासून चढ सुमारे १,२०० मीटरचा, आतकरवाडीतून सिंहगड जवळजवळ दोनदा चढल्यासारखा, आणि वर प्राणवायू समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास. शेवटच्या तासात मी वीस पावलं मोजायचे आणि थांबायचे. वीस पावलं, थांबा. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला, बोलताना शब्द तुटले तर वेग जास्त आहे. कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. वर पोचल्यावर वारा झोंबतो, घामेजलेल्या अंगावर लगेच जॅकेट चढवा आणि फोटो आटोपून निघा. पलीकडे पाकायमायोपर्यंत सहाशे मीटर पायऱ्यांचा उतार. मुक्काम ३,६०० मीटरवर, सर्वांत थंड रात्र हीच.

एक शिस्त पाळा. मागून पोर्टर धावत आले की डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. मोठ्या ओझ्याचा धक्का लागला तर आधाराला काही उरत नाही. त्यांना "सुल्पायकी" म्हणा, केचुआत धन्यवाद. त्यांचे चेहरे खुलतात.

तिसरा दिवस सर्वांत लांब, साधारण १६ किलोमीटर, आणि सगळ्यात देखणा. आधी रुंकुराकाय, गोल आकाराचं दगडी बांधकाम, निरोप्यांच्या थांब्यासारखं वाटणारं. मग दुसरी खिंड. पुढे अरुंद उभ्या जिन्याने सायाक्मार्का, तिन्ही बाजूंनी कडा. इथून अस्सल इंका फरसबंदी सुरू होते, एके ठिकाणी कातळातून काढलेला बोगदाही आहे. इंकांकडे लोखंडी हत्यार नव्हतं, ओझ्याला चाक नव्हतं, हे हात लावून पाहताना पुन्हा पुन्हा आठवतं. हेमाडपंती देवळात चुन्याशिवाय बसवलेले दगड पाहिलेल्या माणसाला इथली भिंत ओळखीची वाटते आणि तरीही चकवते, कारण इथे दगड चौकोनीच असेल असं नाही.

फुयुपातामार्का, "ढगांवरचं गाव", तिथून उतार सुरू होतो. माझा उजवा गुडघा इथे बोलायला लागला. शेवटी मी तिरकी होऊन, खेकड्यासारखी, एकेक पायरी उतरले. त्यातून वेळ निघालाच तर विन्याय वाय्ना चुकवू नका. मुक्कामापासून दहा मिनिटांवर, डोंगराच्या कुशीत वळत गेलेले शेतीचे टप्पे आणि ओळीने उतरत गेलेली पाण्याची कुंडं. बहुतेक दमलेले लोक तंबूत आडवे होतात. मला हे माचू पिच्चूपेक्षाही आवडलं, आणि तिथे आम्ही सहाच जण होतो.

स्वच्छतागृहांबद्दल एक वाक्य: ती बसायचीच, म्हणजे भारतीय पद्धतीची आहेत. या बाबतीत आपण गोऱ्या मंडळींच्या कितीतरी पुढे.

चौथ्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनला उठवतात, कारण पोर्टरना खालची रेल्वे गाठायची असते. चौकी साडेपाचला उघडते, तोवर अंधारात रांगेत बसायचं. उघडताच लोक पळतात. तुम्ही पळू नका, वाट कड्यालगत आहे. शेवटी हातापायांवर चढायचा उभा जिना आणि मग इंती पुंकू. तिथून खाली माचू पिच्चू दिसतं, असं सगळीकडे छापलेलं असतं. आम्हाला पांढरा ढग दिसला. पाऊण तास थांबलो, काही नाही. खाली उतरता-उतरता अर्ध्या वाटेवर ढग फाटला आणि एक-एक टप्पा वर येत गेला.

१०. माचू पिच्चूत आणि परत

माचू पिच्चू २,४३० मीटरवर, म्हणजे तुम्ही आता बरेच खाली आहात आणि श्वास मोकळा आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर सम्राट पाचाकुतीच्या काळात वसलेलं हे ठिकाण. १९११ मध्ये अमेरिकन संशोधक हायरम बिंगम तिथे पोचला तेव्हा स्थानिक शेतकरी तिथल्या टप्प्यांवर शेती करत होते, त्यामुळे "शोध लावला" हे जरा जपून म्हणावं. आत स्वच्छतागृह नाही, बाहेर आहे, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. म्हणून आधी ते उरका. शेजारच्या वायना पिच्चूच्या शिखराला वेगळं तिकीट लागतं. चार दिवस चालून आल्यावर तो चढ कोणाला हवा असतो देव जाणे, मी तरी घेतलं नाही.

खाली आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावाला बस जाते, तिथून ओयांतायतांबोपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. रेल्वे दुपारी उशिराची घ्या, नाहीतर अवशेष धावत बघावे लागतात. आणि घरचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका. संप आणि रेल्वेरोको या भागात होतात. २०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत आंदोलनामुळे माचू पिच्चूच जवळजवळ महिनाभर बंद होतं. एक-दोन दिवस हातचे ठेवा.

निघण्याआधी सॅकचे सगळे कप्पे उलटे करून झटका. कोकाची पानं, चहाच्या पिशव्या, कोकाच्या गोळ्या, जे असेल ते कुस्कोतच टाका. भारतात कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, वाटेतल्या बऱ्याच देशांतही तेच. माझ्या पोंचोच्या खिशात दुसऱ्या दिवशी गाईडने दिलेली चार पानं लिमाच्या हॉटेलात सापडली.

पिवळं कार्ड मात्र डफलमध्ये टाकू नका, पासपोर्टातच ठेवा. मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच ते मागितलं. माझ्यामागच्या जोडप्याचं कार्ड सामानाच्या पट्ट्यावर फिरत होतं, आणि तिथवर जायची त्यांना परवानगी नव्हती.